बेल्ट तिसऱ्यांदा तुटला तेव्हा

पावसाळ्यात सकाळी साडेसहाला ग्राउंडच्या बाजूने एक आवाज येतो आणि रात्रभर जर्नल उतरवून पाचला आडव्या झालेल्या माणसाची झोप मोडतो. हॉस्टेलमध्ये त्याला 'हेलिकॉप्टर' म्हणतात. ते हेलिकॉप्टर म्हणजे आपलं गवत कापायचं मशीन. बसून चालवायचं. पुढे इंजिन, पोटाखाली पाती, वर सीट, आणि सीटवर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले आपले माळीमामा.

गेल्या पावसाळ्यात हे हेलिकॉप्टर बंद पडलं. पहिले दोन दिवस हॉस्टेलने आनंद साजरा केला. पंधरवड्यात गवत घोट्याच्या वर गेलं, फुटबॉल पास दिला की मध्येच गवतात बसायला लागला, आणि आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर आले. चौकशी केली तेव्हा कळलं की मशीन एका विभागाचं, ग्राउंड दुसऱ्याचं, पेट्रोलचं बिल तिसऱ्याकडे. त्यामुळे बिघडलं की ते कोणाचंच नसतं! बेल्ट तुटला होता. नवा आणला, तो तीन आठवडे टिकला. आणखी एक आणला, तो चार दिवसांत गेला. म्हणजे एका सीझनमध्ये तीन बेल्ट. 'बेल्ट डुप्लिकेट येतात हल्ली,' असा निष्कर्ष निघाला आणि चौथ्या बेल्टसाठी तीन कोटेशन मागवायचं ठरलं. तेवढ्यात वर्कशॉपमधले सर म्हणाले, "मशीन इकडे ढकलून आणा. आणि तुटलेले बेल्ट फेकलेत की आहेत?"

मामांनी फेकले नव्हते. माळी लोक काहीच फेकत नाहीत. तिन्ही बेल्ट शेडमध्ये खिळ्याला टांगलेले होते, आणि आम्हा चौघांचं पुढच्या आठ दिवसांचं शिक्षण त्या खिळ्यावरच होतं असं म्हणायला हरकत नाही.

आधी मशीनची रचना थोडक्यात सांगतो, कारण आमच्यातल्या दोघांना मेकॅनिकलला असूनही ती माहीत नव्हती (नावं सांगत नाही). एक सिलिंडरचं, हवेने थंड होणारं चार स्ट्रोक इंजिन, त्याची शाफ्ट उभी. शाफ्टच्या खालच्या टोकाला पुली. तिथून एक बेल्ट मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सकडे आणि दुसरा पोटाखालच्या डेकमध्ये. डेक म्हणजे उपडी घातलेली पत्र्याची परात. आपल्या मशीनची ४२ इंची आहे. तिच्यात शेजारी शेजारी दोन उभ्या स्पिंडल आणि प्रत्येकीच्या खाली साधारण २१ इंचांचं एक पातं. मध्ये एक आयडलर पुली, स्प्रिंगने ओढलेली. मामा लिव्हर ओढतात तेव्हा आयडलर बेल्टला ताण देते आणि पाती फिरायला लागतात. वेगळा क्लच नाही. बेल्ट हाच क्लच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सरांनी पहिला बेल्ट हातात घेतला आणि म्हणाले, "का तुटला ते नंतर. कसा तुटला ते आधी वाच." बेल्ट वाचता येतो हे आम्हाला नवीन होतं. दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर बेल्ट घसरत होता, म्हणजे स्प्रिंग ढिली किंवा बेल्ट लांब. एकाच बाजूची कड उसवून दोरे बाहेर आले असतील तर पुल्या एका पातळीत नाहीत. आतल्या बाजूने आडव्या भेगा असतील तर वय आणि उष्णता. आणि सगळा बेल्ट ठीक पण एकाच जागी जळून खड्डा पडला असेल, तर इंजिनची पुली फिरत होती आणि बेल्ट जागेवर उभा होता. म्हणजे पुढे काहीतरी अडकलं होतं.

पहिल्या बेल्टच्या कडा चकचकीत होत्या आणि तो खूप जुना होता. त्याचं मरण नैसर्गिक. तिसऱ्यावर बोटभर लांबीचा जळका खड्डा होता. दुसरा बेल्ट मात्र वेगळीच गोष्ट सांगत होता. त्याचं वरचं कापड सोलून निघालं होतं आणि आतून बारीक चिरा गेल्या होत्या. घाईत बाजारातून मापाचा साधा ए सेक्शनचा बेल्ट आणला होता, म्हणजे लेथवर किंवा कॉम्प्रेसरवर लागतो तो. रुंदी बरोबर, लांबी बरोबर, किंमत निम्म्याहून कमी. पण लेथवरचा बेल्ट एकदा ताणून बसवला की सरळ धावतो. इथे तो दिवसातून पन्नास वेळा घसरत घसरत पकड घेतो, आणि आयडलर त्याच्या पाठीवरून दाबून त्याला उलटा वाकवते. म्हणून मोअरच्या बेल्टमध्ये अ‍ॅरमिडचे दोरे असतात (बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या जातीचे) आणि वर घसरण सोसणारं कापड असतं. एका मापाचे दोन बेल्ट एका कामाचे असतीलच असं नाही. जुगाडाला माझा विरोध नाही, आपलं अर्धं हॉस्टेल जुगाडावर चालतं. पण जुगाड करताना मूळ वस्तू नेमकं काय सोसत होती हे माहीत पाहिजे.

इथे एक थिअरी ऑफ मशिन्सची आठवण. सपाट पट्टा पुलीला μ ने धरतो. व्ही बेल्ट खाचेत रुततो, त्यामुळे त्याची पकड μ भागिले अर्ध्या कोनाचा साइन. खाचेचा कोन ३८ अंश धरला तर साइन १९ म्हणजे ०.३२५, म्हणून पकड तिप्पट. हे आपण व्हायवात घडाघडा म्हणतो. पण याचाच अर्थ असा की बेल्ट कडांनी धरतो, तळाने नाही. झिजून अरुंद झालेला बेल्ट खाचेच्या तळाला टेकला की पाचरीचा फायदा संपला. पुलीच्या खाचेत बोट घालून बघा, तळ चकचकीत दिसला तर बेल्ट कितीही धडधाकट दिसो, त्याची सर्व्हिस संपली.

आता जळका खड्डा. काय अडकलं होतं? हात घालण्याआधी सरांनी प्लगची कॅप काढून बाजूला बांधून ठेवायला लावली. बंद इंजिनचं पातं हाताने फिरवलं की बेल्टमार्गे इंजिनही फिरू शकतं, आणि गरम इंजिन तेवढ्यावर एखादा ठोका देऊ शकतं. एक ठोका बोटांना पुरतो. मग डेकच्या पिना काढून डेक खालून सरकवून बाहेर घेतला. उलटा केला आणि वास आला. डेकच्या आतल्या बाजूला ओल्या गवताचा बोटभर जाड, हिरवट काळा थर चिकटलेला होता, शेणाने सारवल्यासारखा. तो खरवडल्यावर खाली पत्रा पापुद्र्यासारखा निघत होता. आपल्याकडे गवत वाढतं ते पावसात, त्यामुळे मशीन कायम ओलं गवतच कापतं. हा थर प्रत्येक वेळी काढला नाही तर तो पत्रा खातोच, शिवाय डेकमधली हवेची वाट बुजवतो. पात्याची मागची कड वर वळवलेली असते ती उगीच नाही. ती पंख्याचं काम करते, गवताला ओढून उभं करते आणि मग धार त्याला कापते. हवा नीट फिरली नाही तर गवत आडवंच राहतं आणि मशीन वरून निघून जातं.

आयडलर बोटाने फिरवली, गुळगुळीत. उजवं पातं फिरवलं, ठीक. डावं पातं हलेना. जोर लावला तर 'खर्र' करून पाव फेरा फिरलं. टोकाला धरून वरखाली केलं तर चांगलं चार-पाच मिलिमीटर हलत होतं. स्पिंडल उघडली तेव्हा खालच्या बेअरिंगमधून ग्रीसऐवजी विटकरी रंगाचं पाणी निघालं. छर्र्यांवर गंज, बाहेरच्या रिंगवर खड्डे. इंजिन पातं फिरवू बघतंय, बेअरिंग जागच्या जागी आवळतंय, आणि मधल्यामध्ये बेल्ट जळतोय. खरं तर बेल्टने चोख काम केलं होतं. घरातला फ्यूज जळतो तसा तो जळला होता. आपण दरवेळी फ्यूज बदलत होतो.

पण बेअरिंग का गेलं? सरांचं समाधान इथेही होईना. दोन कारणं सापडली. मामा रोज संध्याकाळी मशीन धुवायचे, पाण्याची नळी बोटाने दाबून, जोराच्या धारेने, आणि धार नेमकी स्पिंडलवर, कारण तिथे गवत जास्त अडकतं. बेअरिंगचं रबरी सील धूळ आणि शिंतोडे अडवतं, जोराची धार नाही. त्यातून फिरून तापलेल्या बेअरिंगवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ओलावा आत ओढला जातो. मामांची चूक म्हणवत नाही. मशीन स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाला 'तुम्ही फार स्वच्छ ठेवता' हे सांगायचं कोणी?

दुसरं कारण पात्यात होतं. पात्याला धार लावायला ते बाहेर पाठवलं जायचं. ग्राइंडरवाल्याने एका टोकाला मनापासून धार लावली होती, दुसऱ्याला उरकून. वर्कशॉपच्या भिंतीत आडवा खिळा ठोकून पातं त्याच्या मधल्या भोकात अडकवलं, तर एक टोक सरळ खाली गेलं. समतोल पातं आडवं उभं राहतं, एवढी सोपी परीक्षा. जड टोक कानशीने घासत घासत आडवं आणलं आणि पडलेला कीस तराजूवर ठेवला. साधारण १० ग्रॅम. एवढंच? म्हणून आम्ही हसलो. मग सरांनी हिशेब करायला लावला. पातं मिनिटाला सुमारे ३३०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५५. ओमेगा ३४५ च्या पुढे, त्याचा वर्ग सव्वा लाखाच्या जवळ. १० ग्रॅम, २५ सेंटीमीटर त्रिज्या. उत्तर जवळजवळ ३०० न्यूटन. म्हणजे १० ग्रॅमच्या फरकाने त्या बेअरिंगला ३० किलोचं ओझं आडवं ओढत होतं, आणि ते ओझं सेकंदाला ५५ वेळा दिशा बदलत होतं. पूर्ण पावसाळाभर! एमआर ओमेगा स्क्वेअर मी बारावीपासून लिहितोय, पण त्याचा धक्का त्या दिवशी बसला.

धारेबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. पात्याला वस्तऱ्यासारखी धार नको असते. तशी पातळ कड पहिल्याच खड्याला मुडपते. मूळचा उतार, साधारण ३० अंश, तोच धरून कानस एका दिशेने मारायची आणि चांगल्या विळीइतकी धार आली की थांबायचं. ग्राइंडरवर कड निळी पडली तर त्या जागेचं पाणी उतरलं, ती मऊ झाली. आणि पातं बोथट झालं का हे पात्याकडे नाही, गवताकडे बघून ओळखायचं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी, फाटलेली दिसली तर पातं कापत नाही, उपटतंय. क्रिकेटवाले नेहमी विचारतात म्हणून सांगतो, पिचवर हे मशीन चालत नाही. तिथे गोल ड्रमवर पीळदार पाती असलेलं रील मोअर लागतं, जे कात्रीसारखं कापतं. मोअरचा जन्म त्या जातीतच झाला. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं, आणि कल्पना उचलली होती ती कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून.

बेअरिंग बदलणं अवघड नाही, पण तिथे आमच्या हातून एक बेअरिंग वाया गेलं. कडेवर कोरलेला नंबर ६२०४ होता. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक, २० मिलिमीटर (हा नियम ०४ पासून पुढे चालतो, ६२०३ चं भोक १७ असतं). पाण्याच्या मोटारींना लागणारीच जात, त्यामुळे गावात सहज मिळालं. आमच्यातल्या एकाने उत्साहाने आतल्या रिंगवर पाईप ठेवून हातोडा मारला आणि ते घराच्या खाचेत बसवलं. बसलं छान. हाताने फिरवलं तर ठराविक जागी अडखळत होतं. घट्ट बसायची होती बाहेरची रिंग, ठोका दिला आतल्या रिंगला, म्हणजे सगळा मार छर्र्यांमधून गेला आणि खोबणीत बारीक ठसे उमटले. जी रिंग घट्ट बसते तिलाच दाबायचं. दुसऱ्या खेपेला बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट घेतला आणि व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. हातोडा लागलाच नाही. वरचं बेअरिंगही त्याच वेळी बदललं, ते चांगलं दिसत होतं तरी. दोघांनी सारखाच मार खाल्लेला असतो.

बाकीची कामं मग भराभर झाली. तेल बदललं, प्लग घासून गॅप ०.७६ मिलिमीटर केली, एअर फिल्टरचा फोम साबणाने धुतला आणि आतला कागदी फिल्टर नवा घातला (कागदी फिल्टर धुवायचा नाही, धुतलेला कागद धूळ सोडतो). इंजिनवरची पत्र्याची टोपी काढून पंख्यांसारख्या फिन्समध्ये अडकलेलं वाळकं गवत काढलं. चाकांत कोणीतरी पंपावर मोटारसायकलच्या मापाने ३० पौंड हवा भरली होती. या चाकांना १० ते १४ लागते. डाव्या-उजव्या हवेत फरक असला की डेक कलतो आणि ग्राउंडवर पट्टे दिसतात. लोक मग डेकचे बोल्ट फिरवत बसतात. गव्हर्नरच्या स्प्रिंगलाही कोणीतरी हात लावून इंजिन जोरात पळवायचा प्रयत्न केला होता, ते पूर्ववत केलं. ३३०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटर होतो. त्या वेगाने बाहेर उडालेला खडा कुठे जाईल हे आधीच कोणाच्या हातात नाही.

पेट्रोलचं मात्र सांगायला हवं. या मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, हिवाळ्यात मशीन ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा. ते पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशासाठी लिहिलेलं. आपल्याकडे गवत थंडीत नाही, उन्हाळ्यात झोपतं. होळीपासून मृगापर्यंत मशीन शेडमध्ये, वर पत्रा, आणि टाकीत अर्धं पेट्रोल. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, आणि बऱ्याच मोअरची पुस्तकं १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. तीन महिन्यांत त्याचं मिश्रण कार्ब्युरेटरच्या तळाला बसतं, जेट बुजतं, रबर फुगतं. म्हणून आपला हिवाळा म्हणजे होळी. त्या आठवड्यात टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं.

सातव्या दिवशी डेक जागेवर चढवला. पाती लावताना आमच्यातल्या एकाने एक उलटं लावलं होतं, वळवलेली कड जमिनीकडे. तशा अवस्थेत मशीन आवाज सगळा करतं, कापत काही नाही. ते वेळीच दिसलं. मग नवा, मोअरचाच बेल्ट. सुरू करण्याआधी सर म्हणाले, सीटचा स्विच तपासा.

या मशीनमध्ये सीटखाली एक छोटा स्विच असतो. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडलं पाहिजे. आम्ही सीट उचलली. स्विचचा प्लग काढलेला होता आणि त्याच्या दोन टोकांत वायरचा एक तुकडा वाकवून खुपसलेला होता, वर काळी टेप. नीट, निगुतीने केलेलं काम. टेप इतकी जुनी की तिच्यावर धुळीचा थर होता.

मामांना विचारलं. ते म्हणाले, "आवो, खड्ड्यात दणका बसला की गप व्हायचं बगा. दर दहा फुटाला बंद. मग एका मिस्तरीनं करून दिलं तसं. चार वर्सं झाली की." आणि मध्ये प्लास्टिकची पिशवी किंवा फांदी आली तर? "उतरतो की. काढतो न् बसतो परत." पाती चालू ठेवून? त्यावर ते नुसते हसले. लिव्हर सोडायची तर पुन्हा ओढावी लागते, आणि लिव्हर जड झाली होती. ती जड का झाली होती ते आम्ही आदल्या दिवशीच पाहिलं होतं. तिच्या सांध्यातलं बूश झिजून अंडाकृती झालं होतं, ग्रीस कधी लागलंच नव्हतं.

चार वर्षं. आम्ही चौघांनी त्या चार वर्षांत कितीदा तरी त्यांना चालू मशीनवरून उतरून वाकताना वरच्या गॅलरीतून बघितलं होतं, हातात चहाचा ग्लास घेऊन. अमेरिकेत ढकलत्या मोअरसाठी १९८२ पासून नियम आहे की हँडल सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. तीन सेकंदही का, तर तेवढ्यात माणसाचा हात किंवा पाय पात्यापर्यंत पोचू नये म्हणून. इथे पातं थांबतच नव्हतं.

दणक्याला बंद पडायचं त्याचं कारणही झिजच निघाली. सीटखालच्या दोन स्प्रिंगांपैकी एक मोडली होती आणि बिजागरीची बुशं गेली होती. त्यामुळे खड्ड्यात सीट उडायची, क्षणभर स्विच सुटायचा आणि इंजिन गप. स्विच चांगलाच होता, त्याला सगळं खरंच दिसत होतं. एक स्प्रिंग, दोन बुशं आणि गंज चढलेला म्हणून तो स्विचही बदलला. तिन्हींचा मिळून खर्च एका बेल्टपेक्षा कमी आला. बुशं तर वर्कशॉपच्या लेथवर नायलॉनच्या रॉडमधून आम्हीच काढली. लिव्हरचंही बूश काढलं. आता ती दोन बोटांनी ओढली जाते.

वायरचा तो तुकडा सरांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवलाय. नवीन बॅचला दाखवतात, काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला हेलिकॉप्टर सुरू झालं. आम्ही चौघं मुद्दाम उठून गॅलरीत गेलो होतो. मामांनी एक फेरी मारली, दुसऱ्या फेरीला गोलपोस्टजवळ वाटेत कोणाची तरी चप्पल पडलेली दिसली. सवयीने ते उठले आणि मशीन गप झालं. मामा अर्धवट उभे, एक पाय खाली. त्यांनी वर आमच्याकडे बघितलं आणि ओरडून म्हणाले, "बंद पडलं की वो परत!" मग स्वतःच हसले, उतरले, चप्पल उचलून कुंपणाबाहेर भिरकावली आणि पुन्हा सीटवर बसून चावी फिरवली.

चप्पल ज्याची असेल त्याने शेडच्या मागे बघावं.